गोळ्या सोडल्या ते एकोणीस दिवस

वीस मिनिटांच्या वर मला एका जागी बसवत नाही. आधी पाठ कुरकुरते, मग मन. म्हणून हे लिहिणं वीस-वीस मिनिटांचं आहे. मधे उठते, अंगणात दोन फेऱ्या मारते, परत येऊन बसते. तुकडे जोडल्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

मी रिबका वळवी. तळोद्याला राहते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात नर्स आहे. बाळांना लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या आणि टी.बी.च्या पेशंटना गोळ्या पोचवून माझ्यासमोर गिळायला लावायच्या, हे माझं काम. डोंगरातली माणसं मला नुसतं ‘सिस्टर’ म्हणतात. आम्ही आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. घरात मावची ही आमची बोली बोलतो, तेव्हा घरातली बोलणी मी इथे मराठीत करून लिहिली आहेत.

हे ज्याच्या उशाशी आत्ता गोळ्यांचं पाकीट आहे आणि ते उघडायचा कंटाळा आला आहे, त्याच्यासाठी आहे. तो देवावर भरवसा ठेवणारा असेल तर जास्तच, कारण माझी चूक भरवशाच्या नावाखाली झाली.

पाठ

दिवाळीच्या सुमारास पाठ दुखायला लागली. लसीचा डबा खांद्याला लावून चढ चढणाऱ्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय, असं म्हणून मी गोळी घ्यायचे आणि जीपमध्ये बसायचे. नाताळात चर्चच्या मंडळीच्या जेवणासाठी मोठी पातेली उचलली, तेव्हा कंबरेच्या वर कोणी खिळा ठोकल्यासारखं झालं. तरी वाकून वाढलं. संध्याकाळी अंग कसकसायचं. वजन उतरत होतं. माझ्या मुलीनं, प्रीतीनं, एकदा सहज विचारलं, “आई, तुझे सगळे ब्लाउज सैल कसे झाले?” ती तेव्हा दहावीत होती.

संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, न थांबणारं दुखणं. ही यादी मी सतरा वर्षं गावोगाव बायकांना पाठ करून घेतली आहे. स्वतःच्या अंगावर ती मला वाचता आली नाही. खरं सांगायचं तर वाचायची नव्हती. थांबायला वेळ नव्हता.

फिल्म

नंदुरबारला मणक्याची मोठी तपासणी झाली. माझे यजमान दिलीप सर सोबत होते. ते आश्रमशाळेत शिक्षक आहेत, आठवडाभर तिकडेच राहतात. त्या दिवशी रजा टाकून आले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि मला म्हणाले, “सिस्टर, तुम्हीच बघा.”

मी पाहिलं. दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्या बाजूला पू साठल्याची सावली होती.

“टी.बी.,” मी म्हणाले.

“सुईनं नमुना घेऊन खात्री करू. पण तुम्हाला कळलंय. घाबरू नका, हा खोकल्यातून पसरत नाही, आणि गोळ्यांनी बरा होतो. दीड वर्ष लागेल. पहिले तीन महिने मात्र पडून राहायचं. उताणं. उठणं फक्त संडास-बाथरूमपुरतं, तेही पाठीला पट्टा बांधून.”

मला वाटतं, दुसरी कोणी असती तर ‘टी.बी.’ या शब्दावर रडली असती. मी ‘पडून’ या शब्दावर रडले. तीन महिने! माझ्या गावांचं काय, प्रीतीची परीक्षा, घरात वयस्कर सासूबाई. मी डॉक्टरांशी घासाघीस करायला लागले. सहा आठवडे चालतील का? सकाळी पडून, दुपारी थोडं काम? ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी दिलीप सरांकडे बघून म्हणाले, “यांना सांभाळा.”

बसस्टँडवर दिलीप सरांनी बाकावर बसूनच हळू आवाजात प्रार्थना केली. शेजारी एक माणूस शेंगा सोलत होता, समोर फलाटावर शहाद्याची गाडी लागत होती. मी डोळे मिटले नाहीत. मला काही वाटलंच नाही. प्रार्थना संपल्यावर ‘आमेन’ म्हणायचं राहिलं, ते त्यांच्या लक्षात आलं.

पलंग

गादी काढून पलंगाच्या फळीवर सतरंजी घातली. वर छताचा पत्रा. तीन दिवसांत त्या पत्र्याचा एकेक खिळा मला पाठ झाला.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी. त्यांनी लघवी केशरी होते, तोंडाला धातूची चव येते आणि अकरापर्यंत उलट्या होत राहतात. पेशंटना मी म्हणायची, “होतं थोडं, सवय होईल.” किती सहज म्हणायची!

मी वाईट पेशंट होते. पलंगावरून घर चालवायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजून ओरडायचे, “आई, डाळ करपतेय!” सासूबाई सत्तरीच्या, गुडघे धरून चालणाऱ्या, एक दिवस पदरानं हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, “रिबका, तू लग्न करून आलीस त्याच्या आधी पण मी डाळ शिजवत होते.” प्रीती पाटावर पुस्तक ठेवून, मान खाली घालून अभ्यास करायची आणि मी तिला तासातासाला हाक मारायची. उशी सरकव, खिडकी उघड, खिडकी लाव. ती एकदा फटकन बोलली, “आई, तू कामावर असायचीस तेच बरं होतं.” मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते रडणं मला ऐकू येत होतं आणि मला उठता येत नव्हतं.

मंडळीतली माणसं यायची. बायबलमधलं एखादं वचन सांगायची, प्रार्थना करायची, चहा घेऊन जायची. एका बाईंनी कप न घेता हात जोडले, मला समजलं. मीही गावागावांत समजावलंय, हाडाचा टी.बी. कपातून लागत नाही. तरी त्या दिवशी समजावलं नाही. भिंतीकडे तोंड केलं.

आणि माझी प्रार्थना? ती वरच्या ऑफिसला पाठवलेल्या अर्जासारखी होती. प्रभू, मार्चच्या आत मला उभं कर. प्रीतीचा पेपर सुरू व्हायच्या आत. निदान ताप तरी या आठवड्यात घालव. तारीख मी घालायची आणि सही त्यानं करायची. लहानपणापासून ‘तुझी इच्छा’ म्हणत आले, पण माझ्या इच्छेचं वेळापत्रक आधीच लावून ठेवलेलं असायचं.

दादा

याकूब दादा माझा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी मोठा. आई लवकर गेली. मला नर्सिंगला पाठवायचं कोणाच्या मनात नव्हतं; तो दुसऱ्याच्या शेतात राबला आणि मला पाठवलं. पुढे तो दारूत बुडाला. दहा वर्षं. वहिनी पोरांना घेऊन माहेरी गेली. मग एका उपास-प्रार्थनेत तो गुडघ्यांवर कोसळला, तासभर रडला, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्यानं थेंब घेतलेला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वहिनी परत आली. आता तो शेती करतो आणि दर शनिवारी त्याच्या ओसरीवर प्रार्थना घेतो. लांबून माणसं येतात.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला भोंदू समजाल. तो भोंदू नाही. त्याच्यासोबत जे खरंच घडलं होतं, तेच माझ्यासोबत घडावं असं त्याला वाटत होतं.

सातव्या आठवड्यात तो आला. तीन दिवस उपास करून आला होता. ओठ सुकलेले होते. पलंगाजवळ उभं राहून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ प्रार्थना केली. त्याचा आवाज फुटला. मग म्हणाला, “रिबू, ऊठ.”

मी उठले. पट्टा न बांधता. अंगणापर्यंत गेले. पाठ दुखली नाही! खरं सांगते, दुखली नाही. सासूबाई हात जोडून रडायला लागल्या. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या, शेजारच्या कोंबड्या, रस्त्यावरची सायकल, सगळं मला नव्यानं दिसलं.

दादा पाकिटाकडे बघून म्हणाला, “आता हे कशाला?”

“दादा, कोर्स पूर्ण करावा लागतो.”

“माझी दारू कोणत्या कोर्सनं सुटली? सांग ना. डॉक्टरकडे नेलं होतंस तू मला. सुटली होती?” तो रागावला नव्हता, विनवत होता. “तू देवाला एका हातानं धरतेस, रिबू. दुसरा हात गोळ्यांच्या डब्यावर. असा भरवसा असतो का?”

 दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पेला हातात घेतला, गोळ्या पाकिटातून फोडल्या, आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, हा विश्वास आहे. आज विचाराल तर सांगेन, ती घाई होती. मला उलट्यांचा कंटाळा आला होता, पत्र्याचा कंटाळा आला होता, दुसऱ्यांच्या हातचं पाणी पिण्याचा कंटाळा आला होता. विश्वास खरा असता तर मी गोळ्या लपवल्या कशाला असत्या? शनिवार-रविवार दिलीप सर घरी यायचे, पाकीट बघायचे, फोडलेल्या जागा मोजायचे आणि खूष व्हायचे. “दोन महिने झाले,” म्हणायचे. मी हसायचे.

एकोणीस दिवस. उलट्या थांबल्या. तोंडाला चव आली. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापल्या, पाण्याची कळशी उचलली. मला वाटलं, संपलं.

चप्पल

विसाव्या दिवशी मी दोरीवरचे कपडे काढून घरात आले. प्रीती मागून म्हणाली, “आई, तुझी एक चप्पल अंगणातच राहिली.”

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी. चप्पल निसटलेली मला कळलीच नव्हती. अंगणात खडी आहे, ऊन कडक होतं, आणि तळपायाला खडी लागलेली कळली नव्हती, ऊनही कळलं नव्हतं.

मी नर्स आहे. त्या क्षणी मला सगळं कळलं.

पलंगावर बसून मी उजव्या अंगठ्याला म्हटलं, हल. तो हलला, पण उशिरानं, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. दुपारपर्यंत डावा पाय जड झाला. संध्याकाळी उभी राहिले तर गुडघे दुमडले. दिलीप सरांना फोन केला. ते मिळेल त्या जीपनं आले आणि मी त्यांना दादाचं सगळं सांगून पावडरचा डबा दिला. त्यांनी झाकण उघडलं. डबा पलंगावर उलटा केला. गोळ्यांचा छोटा ढीग झाला.

ते बाहेर गेले. मला वाटलं, आता गाडी काढून दादाच्या घरी जातील. पण ते अंगणात फडकं घेऊन मोटारसायकल पुसत बसले. पुसलेलीच जागा परत परत. मग आत आले. “शाळेत मी पोरांना सांगतो, माझी बायको नर्स आहे,” म्हणाले. “मला का नाही सांगितलंस?”

 प्रीती दाराला टेकून उभी होती. तीच म्हणाली, “मला माहीत होतं. मी डबा बघितला होता.”

“मग बोलली का नाहीस ग?”

“मला वाटलं तू सिस्टर आहेस. तुला कळत असेल.”

पाय गेले त्याचं दुःख नंतर कमी झालं. हे वाक्य अजून टोचतं.

नाशिक

नाशिकला ऑपरेशन झालं. मज्जारज्जूवर आलेला दाब काढला, मणक्यात स्क्रू बसवले. डॉक्टरांना मी विचारलं, गोळ्या सोडल्या म्हणूनच हे झालं ना? ते म्हणाले, “छातीवर हात ठेवून तसं सांगता येणार नाही. कदाचित झालंच असतं. पण गोळ्या बंद, पट्टा नाही, वर कळशी उचलली. मदत तर नाही ना झाली?” म्हणजे ते मला कधीच नक्की कळणार नाही. हे न कळणं घेऊन जगायला मला शिकावं लागलं, आणि ते अजून पूर्ण शिकलेले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर असताना मी प्रार्थना करायला गेले आणि शब्दच आले नाहीत. कोणत्या तोंडानं मागायचं? पायांचं मागू की माफी? शेवटी एवढंच म्हटलं, प्रभू, मी इथे आहे. तेवढ्यात नर्सनं नाव विचारलं, कसलं ऑपरेशन ते विचारलं, आणि आत नेलं.

दादा नाशिकला आला होता. दिलीप सरांनी नंतर सांगितलं, तो दोन दिवस फाटकाशी उभा होता, वर आला नाही. दिलीप सरांनीही त्याला वर बोलावलं नाही. “तुझ्या भावाला मी माझ्या घरात घेणार नाही,” त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मी दादाची बाजू घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या खाटेवर म्हसावदच्या एक आजी होत्या, मोठ्या शेतकरी घरातल्या, खुबा मोडलेला. त्यांच्या उशाशी देवीची तसबीर होती आणि तोंडात अहिराणी. मी दिवसभर चादरीखाली पायांची बोटं हलवून बघायचे. हलली का? आज कालपेक्षा जास्त हलली का? आजी ते बघायच्या. एकदा म्हणाल्या, “बेटा, इतली का तळमळ करी ऱ्हायनी? देव काय यष्टी शे का, टायमावर येवाले?”

मी हसले तर टाके ताणले गेले.

“पण आजी, तो आलाच नाही तर?”

“माले काय माहीत माय,” त्या म्हणाल्या. “मी बी वाटच देखी ऱ्हायनू. तू मन्हासंगे बोल, तवढा टाइम जाई.”

पाळकसाहेब येऊन गेले, मंडळीचे वडीलजन येऊन गेले. त्या सगळ्यांपेक्षा मला या आजींचा जास्त आधार वाटला. त्यांना उत्तर माहीत नव्हतं आणि तसं त्यांनी सांगून टाकलं.

दित्याकाका

घरी आल्यावर पुन्हा तोच पलंग, तोच पत्रा. पायांत मुंग्या यायच्या, ते चांगलं लक्षण होतं. पण गोळी तोंडात घ्यायची वेळ आली की मला स्वतःची लाज वाटायची आणि उलटी व्हायची. आता औषधानं होत होती की लाजेनं, सांगता येत नाही.

एक दिवस दारात जीप थांबली आणि दित्याकाका उतरले. डोंगरातल्या एका पाड्यावरचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना छातीचा टी.बी. होता. मधेच त्यांनी गोळ्या सोडल्या आणि झाडपाला करणाऱ्या बडव्याकडे गेले. मी तेव्हा सगळ्या पाड्यासमोर त्यांना झापलं होतं. “अक्कल आहे का? पोरं आहेत घरात!” असं. काका मान खाली घालून उभे होते. नंतर त्यांनी कोर्स पूर्ण केला आणि बरे झाले.

त्यांनी तुरीच्या शेंगांची पिशवी सासूबाईंना दिली आणि जमिनीवर बसले. त्यांना सगळं कळलेलं होतं. जीपवाल्यांना सगळ्या बातम्या असतात. मी वाट बघत होते, आता बोलतील. त्यांचा हक्कच होता.

“सिस्टर, आजची गोळी खाल्ली?”

“नाही अजून.”

“आण. माझ्यासमोर खा.”

मी त्यांना हेच म्हणायची, याच आवाजात. प्रीतीनं पाणी आणलं. मी गिळली. गोळी गिळली का बघायला मी लावायची तसं त्यांनी मला तोंड उघडायला लावलं नाही, तेवढी सूट दिली.

“काका, मी तुम्हाला किती बोलले होते,” मी म्हणाले.

“बोलली तू,” ते म्हणाले. “पण मी बडव्यावर भरोसा म्हणून नाही सोडली. मी थकलो होतो. रोज रोज, रोज रोज. थकलं की माणूस कोणाचं पण ऐकतो.” मग म्हणाले, “तू पण थकली असशील.”

सगळ्या आजारात मला कोणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं.

ते पुढचे चार बुधवार आले. बुधवारी त्यांना तळोद्यात काम असतं म्हणाले. काय काम ते कधी सांगितलं नाही.

रोजचं

तेव्हापासून मी देवाला तारखा देणं सोडलं. एकदम नाही. आजही कधी कधी अर्ज लिहायला बसते. पण सकाळी गोळी हातावर घेतली की एवढंच म्हणते, आजची ही. उद्याचं मागत नाही. भरवसा म्हणजे मनात शांती भरून येणं असं मी समजत होते. माझ्या मनात शांती फारशी येत नाही. माझा स्वभावच तसा नाही. तळमळतच गोळी घेतली, तळमळतच पाय उचलला, वॉकर पुढे सरकवला. पण घेतली, उचलला, सरकवला. हे त्याला चालत असावं.

प्रीती दहावी पास झाली. माझ्याशी ती हळूहळू पूर्वीसारखी बोलायला लागली. गोळीचा पेला मात्र बरेच दिवस उभी राहून रिकामा होताना बघायची. सासूबाईंनी मला पलंगावरून कांदे चिरायला दिले, म्हणजे माझं तोंड बंद राहील. अठराव्या महिन्यात गोळ्या संपल्या. उजवा पाय थोडा ओढते, काठी घेऊन चालते, कामावर जाते. डोंगरातल्या चढाची गावं दुसऱ्या सिस्टरकडे गेली, त्याचं वाईट वाटतं.

एक रविवार सांगायचा राहिला. तो आधीचा, नवव्या महिन्यातला.

साक्ष

त्या रविवारी मी पहिल्यांदा चालत उपासनेला गेले. मंडळीत कोणी बरं झालं की पुढे येऊन साक्ष देतं. सगळ्यांना वाटत होतं, मी म्हणेन, देवानं मला उभं केलं, आणि टाळ्या होतील. वाटेत दिलीप सरांनी विचारलं, “गोळ्यांचं ते सांगणार आहेस?” मी म्हटलं, माहीत नाही.

दादा पुढच्या रांगेत होता. सात महिने आम्ही बोललो नव्हतो. तो किती वाळला होता!

मी काठीवर भार देऊन उभी राहिले आणि सांगितलं. पावडरचा डबा, एकोणीस दिवस, चप्पल. “मला कोणी गोळ्या सोडायला लावल्या नाहीत,” मी म्हणाले. “मी सोडल्या. मला घाई झाली होती आणि मी घाईला विश्वास म्हटलं. देवानं मला उभं केलं, हे खरं आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या हातानं केलं, गोळ्यांनी केलं, डोंगरातून आलेल्या एका माणसानं माझ्यासमोर बसून केलं. तुमच्यापैकी कोणी गोळ्या सोडल्या असतील तर आज घरी जाऊन घ्या. देवाला राग येणार नाही.”

टाळ्या झाल्या नाहीत.  दादा उठला आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेला. मला वाटलं, भाऊ गेला.

उपासना संपल्यावर एक बाई माझ्या हाताला धरून मला भिंतीकडे घेऊन गेल्या. सुमनबाई. त्यांची अकरा वर्षांची ज्योती तिथे भिंतीला टेकून बसली होती, ओठ चावल्यासारखा सुजलेला. आज ती बरी आहे आणि शाळेत जाते, हे आधीच सांगून टाकते.

“तिला फिट येतात,” सुमनबाई कुजबुजल्या. “मागच्या शनिवारी याकूबभाऊंनी प्रार्थना केली. ते गोळ्यांचं काही बोलले नाहीत, देवाशपथ. मीच बंद केल्या. आठ दिवस झाले. आज पहाटे दोनदा झटका आला. सिस्टर, आता उशीर झाला का?”

मी पोरीच्या डोळ्यांत बघितलं, नाव विचारलं. उत्तर दिलं तिनं, पण जड जिभेनं.

सुमनबाई तिला धरून माझ्यासोबत बाहेर आल्या. कडुनिंबाखाली दादा मोटारसायकलवर बसलेला होता, किल्ली हातात, गाडी बंद. मला बघून म्हणाला, “कोणी लावल्या नाहीत, असं का बोललीस? मी लावल्या होत्या. मला ते उभं राहून सांगता आलं नाही, रिबू.”

“ते नंतर बोलू. ही पोरगी बघ.”

मी दोन वाक्यांत सांगितलं. दादाचा चेहरा राखेसारखा झाला. तो उतरला आणि ज्योतीसमोर उकिडवा बसला. आता तो डोक्यावर हात ठेवेल म्हणून सुमनबाईंनी मान झुकवली. पण त्यानं पोरीला दोन्ही हातांनी उचललं.

“आधी दवाखाना, ताई. प्रार्थना मी गाडीवर करतो.”

“दादा, झटका आला तर गाडीवरून पडेल ती,” मी ओरडले. “मागं धरायला कोणीतरी पाहिजे.”

दिलीप सर कधी आले कळलं नाही. त्यांनी ज्योतीला दादाच्या मागे बसवलं, स्वतः तिच्या मागे बसले, आणि आपले दोन्ही हात तिच्या भोवतीनं पुढे नेऊन दादाच्या कंबरेला घट्ट मिठी घातली. पोरगी मधे. मी आणि सुमनबाई रिक्षासाठी रस्त्याकडे निघालो. दादानं किक मारली, गाडी वळवली आणि मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, “हे प्रभू...”

“कर प्रार्थना,” मागून दिलीप सर म्हणाले. “पण याकूब, डोळे उघडे ठेव.”